लाव्हा रे तो व्हिडिओ! वाईच्या दगडधोंड्यांची चटपटीत कुंडली

वाई म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? ढोल्या गणपती, कृष्णेचे घाट, मेणवलीचा वाडा आणि पाचगणीला चढण्याआधीचा चहा. जगभरातल्या भूशास्त्रज्ञांना मात्र 'वाई' म्हटलं की आठवतो डायनासोर!

थट्टा नाही. माहीत आहे का, सह्याद्रीतल्या लाव्हाच्या थरांची शास्त्रज्ञांनी तीन मोठ्या गटांत वाटणी केली आहे? सगळ्यांत खाली कळसूबाई, मध्ये लोणावळा आणि सगळ्यांत वर, म्हणजे वयाने सगळ्यांत धाकटा, 'वाई उपगट'. अमेरिकेतल्या विद्यापीठात बसलेला प्राध्यापक दख्खनच्या लाव्हावर शोधनिबंध लिहायला घेतो, तेव्हा 'वाई' हा शब्द त्याला डझनभर वेळा टाइप करावा लागतो. मराठी विश्वकोशाचं ऑफिसही वाईतच. एका गावाने किती मान मिळवावा!

संशयित क्रमांक दोन

साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी डायनासोरचा खेळ खल्लास झाला. मुख्य आरोपी आहे मेक्सिकोतल्या युकातानजवळ आदळलेली उल्का. तिने सुमारे १८० किलोमीटर रुंदीचा खड्डा पाडला. दुसरा संशयित आपला दख्खनचा लाव्हा. आणि त्यातही मोठा वाटा कुणाचा? वाई उपगटाचा!

२०१५ साली काही शास्त्रज्ञांनी भन्नाट कल्पना मांडली. त्यांच्या मते उल्केच्या तडाख्याने सगळी पृथ्वी हादरली, त्या हादऱ्याने दख्खनचा ज्वालामुखी आणखी खवळला आणि वाईचे जाडजूड थर बाहेर पडले. म्हणजे धक्का मेक्सिकोत, भडका साताऱ्यात.

मग २०१९ साली 'सायन्स' या नामांकित नियतकालिकात दोन टीम आमनेसामने आल्या. एक म्हणाली, मोठा उद्रेक उल्केच्या आधी. दुसरी म्हणाली, बहुतेक लाव्हा उल्केनंतर. डोंगर तेच, घड्याळं वेगळी! एकीने लाल थरांत सापडलेल्या झिरकॉनच्या बारीक स्फटिकांवरून वय काढलं, दुसरीने लाव्हातल्या खनिजांमधल्या अर्गॉन वायूवरून. केस अजून बोर्डावर आहे. पुढची तारीख कधी, ते विचारू नका.

ज्वालामुखी दाखवा ना, काका!

पाचगणीच्या पॉइंटवर उभं राहून लहान मुलं हमखास विचारतात, 'ज्वालामुखीचं तोंड कुठेय?' मोठी माणसं खोकतात आणि मक्याचं कणीस घ्यायला जातात.

माहीत आहे का, इथे तसं तोंडच नव्हतं! जपानच्या फुजीसारखा शंकूच्या आकाराचा एकांडा पर्वत दख्खनमध्ये नव्हताच. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून ११०० अंशांहून जास्त तापलेला पातळ लाव्हा बाहेर येऊन चहूकडे पसरला. थंड झाला, थांबला. पुन्हा आला, पुन्हा पसरला. आज उरलेलं क्षेत्रच सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे. जवळपास सगळा महाराष्ट्र आणि शेजाऱ्यांचे तुकडे त्यात आले.

आणि किती लांब गेला असेल हा लाव्हा? आंध्र प्रदेशात राजमहेंद्रीजवळ बेसॉल्टचे थर आहेत. त्यांची रासायनिक तपासणी केली तर ते आपल्या आंबेनळी आणि महाबळेश्वरच्या थरांशी जुळले. म्हणजे हजारभर किलोमीटरचा प्रवास! पृथ्वीवरच्या सर्वांत लांब लाव्हाप्रवाहांत त्यांची गणना होते. कृष्णामाई महाबळेश्वरहून आंध्रात जाते याचं आपल्याला कोण कौतुक, पण लाव्हाने तो दौरा तिच्या कितीतरी आधी उरकला होता.

बाय द वे, बेसॉल्टमध्ये 'सॉल्ट' अजिबात नाही. चाटून बघू नका.

उगवले नाहीत, उरले

आता ऐका या फीचरमधली सगळ्यांत भारी गोष्ट. वाईच्या भोवतालचा एकही डोंगर 'उभा राहिलेला' नाही. पांडवगड घ्या, वैराटगड घ्या, केंजळगड घ्या. हे डोंगर वर आले नाहीत, त्यांच्या भोवतालचं सगळं खाली गेलं!

हिमालयाचं तसं नाही. दोन भूखंडं एकमेकांवर आदळली, मधली जमीन चुरगळली आणि वर उचलली गेली. हे सुरू झालं साधारण ५ कोटी वर्षांपूर्वी. आपला दगड त्याहून दीडेक कोटी वर्षांनी थोरला. (एव्हरेस्टला भेटलात तर 'काय रे' म्हणायला हरकत नाही.)

आपल्याकडे आधी होतं सपाट, जाडजूड पठार. मग आल्या नद्या. वाई समुद्रसपाटीपासून साधारण ७०० मीटरवर आहे, महाबळेश्वर साडेतेराशेच्या आसपास. मधले सहाशे-साडेसहाशे मीटर दगड कुठे गेला? कृष्णा आणि तिच्या मैत्रिणी घेऊन गेल्या. पावती न देता.

म्हणून वाईच्या घाटावरून आजूबाजूला नीट बघा. डोंगरांचे माथे एका रेषेत कापल्यासारखे दिसतात, कारण ते एकाच जुन्या पठाराचे शिल्लक तुकडे आहेत. अंगावर आडव्या पायऱ्या दिसतात, कारण प्रत्येक लाव्हाप्रवाहाचा मधला भाग कठीण असतो. त्याचा कडा होतो. वरचा-खालचा भाग भुसभुशीत, त्याचा उतार होतो. कडा, उतार, कडा, उतार. कड्याला झाडं नाहीत, उताराला आहेत. पावसाळ्यात हे पट्टे लांबूनही मोजता येतात. मुलांना कामाला लावा, अर्धा तास शांतता मिळेल.

गाडी खाली, काळ मागे

महाबळेश्वरहून पोलादपूरला आंबेनळी घाटाने कधी उतरलात? तर अभिनंदन, तुम्ही टाइम मशीनमध्ये बसून आलात!

माहीत आहे का, या एका घाटात लाव्हाच्या तीन थरसमूहांची नावं जन्माला आली? वर 'महाबळेश्वर', मध्ये 'आंबेनळी', खाली 'पोलादपूर'. नवं वर आणि जुनं खाली. म्हणजे प्रत्येक वळणागणिक तुम्ही हजारो वर्षं मागे जाता. पोटात ढवळतं ते मात्र वळणांमुळे, इतिहासामुळे नाही.

घाटाच्या कापलेल्या भिंतीत विटकरी-लाल रेघ दिसली तर ड्रायव्हरला हळू घ्यायला सांगा. दोन लाव्हाप्रवाहांच्या मधल्या सुट्टीची ती खूण. पहिला लाव्हा थंड झाला, वर राख-माती साचली, हवापाण्याने ती गंजून लाल झाली आणि मग दुसरा लाव्हा तिच्यावर येऊन तिला भाजून गेला. डायनासोरच्या खटल्यातले झिरकॉन मिळाले ते अशाच लाल पट्ट्यांतून. आपण त्या भिंतीला पाठ टेकून सेल्फी घेतो.

आणि विहीर खणणाऱ्यांना हे सगळं कॉलेजात न जाता माहीत असतं. आधी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण. मांजऱ्या लागला तर पाण्याची आशा. काळा पाषाण लागला तर सुरुंगाचा खर्च आणि मालकाचा उतरलेला चेहरा.

काळ्या पाषाणाच्या भेगांत पाणी शिरलं की तो कांद्यासारखा पापुद्र्या-पापुद्र्याने सुटतो आणि मधे गोल गाभा उरतो. रस्त्याकडेच्या कटिंगमध्ये असे गोल धोंडे दिसले की ते कुणी आणून ठेवले, असा प्रश्न पडतो. कुणीच नाही. ते जागच्या जागी गोल झाले!

दगडाला येते जांभई

पाचगणीला टेबललँडवर पोचलात की पायाखालचा दगड बदलतो. काळा संपला, लाल-भोकाभोकांचा सुरू. हा जांभा.

जांभा म्हणजे बेसॉल्टचं म्हातारपण. उष्ण हवा, धो-धो पाऊस आणि लाखो वर्षांचा निवांतपणा मिळाला की दगडातली सिलिका आणि इतर विरघळणारा माल वाहून जातो. मागे राहतं लोखंड आणि ॲल्युमिनियम. म्हणजे टेबललँडवर तुम्ही चालता ते अक्षरशः गंजावर. घोडाही गंजावर, आईस्क्रीमवालाही गंजावर.

आता रेकॉर्डची भानगड. गाइड छातीठोकपणे सांगतो, 'तिबेटनंतर आशियातलं दुसऱ्या नंबरचं पठार!' टाळ्या. पण जरा कॅल्क्युलेटर काढू या? टेबललँड शंभरेक एकराचं. तिबेटचं पठार सुमारे २५ लाख चौरस किलोमीटर. म्हणजे तिबेटमध्ये असली साठ लाखांहून जास्त टेबललँड मावतील. आशिया राहू दे, याच जिल्ह्यातलं कासचं पठार सुमारे १० चौरस किलोमीटर, टेबललँडच्या पंचवीस पट! तेव्हा दुसरा नंबर कुणाचा हे गाइडला विचारा, पण घोड्याचे पैसे ठरवून झाल्यावर.

आमच्या मते टेबललँडची खरी कमाल वेगळीच आहे. २००८ साली दोन भूशास्त्रज्ञांनी मांडलं की पाचगणी-महाबळेश्वरचं हे जांभ्याचं टोपण मुळात डोंगरमाथ्यावर बनलंच नाही. ते बनलं जुन्या दऱ्यांच्या तळाशी! उतारावरून लोखंड झिरपत खाली आलं, दरीत साचलं आणि टणक झालं. मग आजूबाजूचे मऊ डोंगर झिजून गेले आणि कडक दरी माथ्यावर राहिली. म्हणजे उलटापालट. एके काळचा तळ आज व्ह्यू पॉइंट आहे! सगळ्यांना हे पटलेलं नाही, पण पुढच्या वेळी तिथे भेळ खाताना एवढं नक्की म्हणा, 'आपण बहुतेक नदीत बसलोय.'

टेबललँडच्या कडेला 'डेव्हिल्स किचन' नावाची गुहा आहे. पांडव तिथे राहिले होते असं सांगतात. (सह्याद्रीत पांडव राहिले नाहीत अशी गुहा दाखवा आणि बक्षीस मिळवा.) जांभ्याचं वरचं कवच कडक, खालचा थर मऊ. पाण्याने खालचं पोखरलं, वरचं छप्पर टिकलं. किचन रेडी. गॅस कनेक्शन नाही.

जांभ्याच्या लाल मातीत काय पिकतं? महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी! आणि जांभ्याच्या सपाट माथ्यावर काय फिरतं? पवनचक्की! चाळकेवाडी-वनकुसवडेच्या पठारांवर पात्यांचं जंगल उभं आहे. पोचायला रस्ता, उभं राहायला सपाटी आणि अडवायला कुणी नाही. वाऱ्याला अजून काय हवं?

आणखी एक लाल गोष्ट, ट्रेकर मंडळींसाठी. कृष्णा आणि वाळकी या नद्यांच्या मधल्या डोंगरावर कमळगड आहे. तटबंदी-बुरुजांच्या नावाने आनंदच. पण माथ्यावर जमिनीच्या पोटात उतरणारी एक चिंचोळी भेग आहे, पन्नासेक पायऱ्यांची. हिला म्हणतात गेरूची विहीर. खाली उतरलात की दोन्ही बाजूंना ओलसर लालभडक भिंती, हात लावला तर बोटं रंगतात आणि भर दुपारी गारवा. वर आलेला माणूस लगेच ओळखू येतो, त्याच्या शर्टाच्या पाठीवरून!

कास: कासावीस करणारं पठार

सप्टेंबरात कासला जाणाऱ्या गाड्यांची रांग बघून वाटतं, फुलांसाठी इथली माती काय सुपीक असेल! माहीत आहे का, नेमकं उलटं आहे. जांभ्याच्या कातळावर मातीचा जेमतेम पापुद्रा. झाडांची मुळं आत जाऊच शकत नाहीत, म्हणून मोठी झाडं नाहीत. म्हणून छोट्या फुलांना मोकळं मैदान.

मातीत नायट्रोजनची बोंब. मग काही झाडांनी शॉर्टकट शोधला: नॉनव्हेज! दवबिंदू ही वनस्पती चिकट केसांवर किडे पकडते. 'सीतेची आसवं' हे नाव ऐकून डोळे पाणावतात ना? ती जांभळी गोड फुलंसुद्धा मांसाहारी आहेत. बुडाशी बारीक पिशव्या, आत शिरलेला जीव गायब.

तिथेच 'मिकी माउस' नावाचं पिवळं फूल आहे, खरंच दोन कान असलेलं. आणि टोपली कारवी सात-आठ वर्षांतून एकदा फुलते. जनगणना, निवडणूक आणि कारवी, वाट बघायची सवय असावी. २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात पश्चिम घाटाचा समावेश झाला, त्यात कासही आहे.

वर जाणारं पाणी, दगडातलं भोक

पाटण तालुक्यातल्या सडावाघापूरला पावसाळ्यात धबधबा वर जातो. हो, वर! पश्चिमेकडून आलेला मान्सूनचा वारा कड्यावर आपटतो, त्याला जायला एकच वाट उरते ती आकाशाकडे, आणि जाता जाता तो पाण्याची बारीक धार उचलून पठारावर परत फेकतो. न्यूटनची रजा मंजूर. महाबळेश्वरच्या आर्थर सीटवर फेकलेली हलकी वस्तू परत येते तीही याच हिशेबाने. मात्र प्लॅस्टिकच्या बाटलीवर प्रयोग करू नका. ती परत आली नाही तर खाली कोकणात कुणाच्या तरी डोक्यावर.

महाबळेश्वरच्याच केट्स पॉइंटजवळ डोंगराच्या सोंडेला आरपार भोक आहे. पर्यटक त्याला 'नीडल होल' किंवा 'एलिफंट्स हेड' म्हणतात. आपले गडकरी असल्या भोकाला नेढं म्हणतात, राजगड-रतनगडावरही ती आहेत. अरुंद धारेतला कच्चा थर वारा-पाण्याने दोन्ही बाजूंनी खाल्ला. मधे भेट झाली आणि खिडकी उघडली. 'केट' ही गव्हर्नर माल्कमची मुलगी. सोंड हत्तीची, नाव केटचं, फोटो आपला.

भांबवलीचा वजराई धबधबा १८४० फुटांचा आणि तीन टप्प्यांचा. तीन टप्पे का? तोच जुना हिशेब: कडा, उतार, कडा! 'भारतातला सर्वांत उंच' असा त्याचा दावा आहे. तसा दावा देशात आणखी काही धबधब्यांचाही आहे. पाण्यापेक्षा दाव्यांचाच पूर जास्त.

नद्यांची उलटसुलट

जुन्या महाबळेश्वरच्या देवळात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री एका गोमुखातून बाहेर येतात अशी श्रद्धा. गंमत पुढे आहे. उगमापासून अरबी समुद्र सरळ रेषेत जेमतेम ६४ किलोमीटर. पण कृष्णेने त्याच्याकडे पाठ फिरवली आणि १४०० किलोमीटर चालून बंगालचा उपसागर गाठला. सावित्री मात्र तिथूनच निघते आणि झटपट कोकणात उतरून बाणकोटला समुद्रात. एकाच माहेरच्या, पण एकीला पुण्याहून मुंबईची नोकरी आणि दुसरीला थेट मछलीपट्टणमची.

पश्चिमेकडच्या नद्यांचा उतार भयानक, त्यामुळे त्या कडा आतून खात पूर्वेकडे सरकवत असतात. उद्या सावित्रीने कृष्णेचं माहेरच पळवलं तर? घाई नाही, 'उद्या' म्हणजे लाखो वर्षं.

पाऊसही असाच तऱ्हेवाईक. महाबळेश्वरला वर्षाला सुमारे ६ मीटर. तिथून १९ किलोमीटरवर पाचगणीला त्याचा तिसरा हिस्सा. घाट उतरून वाईत आलात की जेमतेम पाऊण मीटर. आणि माण-खटावात अर्ध्या मीटरसाठी देवाला साकडं. एकाच जिल्ह्यात छत्रीही आणि टँकरही!

या दऱ्याखोऱ्यांनी इतिहासही घडवला. अफजलखान आधी वाईचा सुभेदार होता, म्हणजे मुलूख त्याच्या पाहण्यातला. तरीही १६५९ साली वाईच्या मोकळ्या मैदानातला तळ सोडून रडतोंडीच्या घाटाने तो जावळीत उतरला. हत्ती, तोफा, घोडदळ, सगळा लवाजमा अशा जागी आला जिथे त्याचा काही उपयोग नव्हता. १० नोव्हेंबरला प्रतापगडाच्या पायथ्याशी काय झालं ते पोरासोरांना पाठ आहे. घाटाचं नाव तरी वाचायचं!

परत नद्यांकडे. कोयना बघा. बाकीच्या नद्या सह्याद्रीकडे पाठ करून पूर्वेला पळतात, ही साठ-पासष्ट किलोमीटर सह्याद्रीला समांतर दक्षिणेला जाते आणि हेळवाकला आल्यावर काटकोनात वळते. नकाशावर इंग्रजी 'एल' दिसतो. माणसाने तिच्यावर कडी केली. पूर्ववाहिनी कोयनेचं पाणी बोगद्यातून पश्चिमेला पोफळीकडे पाडून वीज केली. बंगालच्या उपसागराचं बुकिंग असलेलं पाणी अरबी समुद्रात उतरतं! १९९९ साली तर जलाशयाच्या तळाला खालून सुरुंग लावून भोक पाडलं, 'लेक टॅपिंग'. धरणाला धक्का नाही.

धक्क्यावरून आठवलं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. धरणाच्या पाण्यामुळे होणाऱ्या भूकंपांत जगातला सर्वांत मोठा म्हणून तो ओळखला जातो. त्याचं कारण शोधायला शास्त्रज्ञांनी जमिनीत भोकं पाडली. गोठणेला तर थेट ३ किलोमीटर खोल. माहीत आहे का काय सापडलं? सव्वा किलोमीटर बेसॉल्ट संपल्यावर खाली ग्रॅनाइट! लाव्हा येण्याआधीची, अब्जावधी वर्षांची जुनी जमीन. सातारकरांच्या पायाखाली आणखी एक सातारा निघाला, भाडेकरूंशिवाय.

माशाची भिंत आणि फिल्मी भूगोल

परत वाईत. १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्त्यांनी ढोल्या गणपतीचं देऊळ बांधलं ते थेट कृष्णेच्या काठावर. पुराचं काय? देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची, टोकदार. लोंढा आला की टोकावर दुभंगतो आणि दोन्ही बाजूंनी निघून जातो. पुलाच्या खांबांना इंजिनियर आज असंच टोक काढतात. डोंगर कोरणाऱ्या नदीला कोपऱ्यातून वळवायचं डोकं पेशवाईत होतं!

आणि फिल्मवाल्यांना वाई कधी बिहार वाटते, कधी उत्तर प्रदेश. 'गंगाजल', 'दबंग', यादी मोठी आहे. पण पडद्यावर हिरोच्या मागे बघा. गंगेच्या मैदानात सपाट माथ्याचे, पायऱ्यापायऱ्यांचे काळे डोंगर? चोरी पकडली!

जाता जाता, पाहुणे कलाकार

अंधेरीतली गिल्बर्ट हिल ठाऊक आहे? ६१ मीटर उंचीचे बेसॉल्टचे उभे खांब, वर देऊळ, खाली झोपड्या आणि टॉवर. लाव्हा सावकाश थंड होताना आकसतो आणि उभा तडकतो, म्हणून खांब.

निघोजला कुकडी नदीने पात्रात गरगर फिरणाऱ्या गोट्यांकडून रांजणखळगे कोरून घेतले. मजुरी शून्य.

लोणारचं विवर १.८ किलोमीटर रुंद, उल्केने थेट बेसॉल्टमध्ये पाडलेलं. वय? कुणी ५० हजार वर्षं म्हणतं, कुणी साडेपाच लाखांच्या वर. जून २०२० मध्ये त्याचं पाणी गुलाबी झालं, खारट पाण्यातल्या सूक्ष्मजीवांमुळे. त्या लॉकडाऊनमध्ये रंग बदलून दाखवलेली ती एकमेव जागा असावी, बाकी सगळे घरात पिवळे पडले होते.

कराडला टक्कर, सांगलीत ठेव

पाहुणे झाले, परत कृष्णेकडे. दोन नद्या साधारणपणे तिरप्या, अदबीने मिळतात. कराडला मात्र कृष्णा उत्तरेकडून येते आणि कोयना दक्षिणेकडून. समोरासमोर, नाकावर नाक! मग दोघी काटकोनात वळून पूर्वेला निघतात. असला संगम दुर्मीळच. लोकांनी नाव ठेवलं प्रीतिसंगम. ट्रॅफिक पोलिसांनी वेगळं ठेवलं असतं.

आता उताराचा हिशेब करा. महाबळेश्वर ते वाई, कृष्णा सहाशे मीटरहून जास्त उतरते. वाई ते सांगली, अंतर कितीतरी पट, पण उतार जेमतेम दीडेकशे मीटर. नदीची धावपळ संपली, पाय ओढायला लागली. वळणं घेते, गाळ टाकते, आणि पावसाने जोर केला की थेट गावात येते. २००५ आणि २०१९ सांगलीकर विसरणार नाहीत. वर वाईला कोरायचं काम, खाली सांगलीला साठवायचं.

आणि त्या साठवलेल्या गाळात सांगलीकरांनी काय साठवलं? हळद! सांगलीजवळ हरिपूरला, कृष्णा-वारणा संगमाच्या गावात, जमिनीखाली पेवं आहेत. वरून बघाल तर माणूस कसाबसा शिरेल एवढं तोंड. खाली वीस-पंचवीस फूट खोल पोट, आत मात्र ऐसपैस. इथली काठाची माती इतकी घट्ट की विटांचं अस्तर न लावता पेव उभं राहतं, आणि कोरडी इतकी की हळकुंडं वर्षानुवर्षं किडीशिवाय टिकतात. तळाला नि कडेला पाचट, वरून तोंड मातीने लिंपलेलं. ना वीज, ना एसी, ना औषध.

पेव उघडल्यावर लगेच उतरायचं नाही हं! आत प्राणवायू नसतो. काही तास तोंड उघडं ठेवायचं, मग पेटता कंदील दोरीने खाली सोडायचा. विझला तर थांबायचं, तेवत राहिला तर माणूस उतरणार. २००५ च्या पुरात नदी स्वतःच यातल्या कित्येक पेवांत शिरली आणि ती ढासळली. आता बराच माल कोल्ड स्टोरेजमध्ये जातो आणि वीजबिल घेऊन बाहेर येतो.

महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली जीआय टॅग मिळाला, सांगलीच्या हळदीला २०१८ साली. जांभ्याने आणि गाळाने अजून अर्ज केलेला नाही.